एक पडदा, अनेक धागे

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला शहराची वस्ती मागे पडली की थोड्याच वेळात आकाशाचा रंग पालटलेला दिसतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुराडी उभी राहतात, झाडांच्या पानांवर काळसर भुकटी बसलेली असते, आणि कोळशाने व खनिजाने लादलेल्या मालमोटारींची रांग संपता संपत नाही. हे सिलतरा. छत्तीसगडच्या स्पंज आयर्नच्या धंद्याचे हे एक प्रमुख ठाणे. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदत होती. तो प्रांत मोडला, तरी व्यवहार मोडला नाही. जयस्वाल निको या नागपूरच्या कंपनीचा पोलादाचा कारखाना आजही सिलतऱ्यातच आहे.

कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्याचा प्राण म्हणजे त्याची फिरती भट्टी. आतून विटांचे अस्तर लावलेले हे एक आडवे, किंचित उतरते असे पोलादी नळकांडे असते. दिवसाला १०० टन माल देणारी भट्टी घेतली तरी तिची लांबी सुमारे ४२ मीटर भरते. एका टोकाने लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट आत जातात. भट्टी अगदी सावकाश फिरत असते, दोन मिनिटांत जेमतेम एखादा फेरा. आणि सुमारे हजार अंश उष्णतेत खनिजातील प्राणवायू निघून जाऊन दुसऱ्या टोकाने न वितळलेले, सच्छिद्र लोखंड बाहेर पडते. हे सारे घडते ते डोळ्यांआड. भट्टीच्या अंगावर जागोजागी बसविलेली थर्मोकपले तेवढी आतील बातमी बाहेर आणतात. कोठे उष्णता भलतीच चढली तर माल आतल्या आत चिकटून त्याचे खंगर धरते, आणि ते कडे वाढत गेले की भट्टी थंड करून फोडाफोड करण्यावाचून गत्यंतर नसते. वीज गेली तर याहून वाईट. तापलेली भट्टी एका जागी थांबली की स्वतःच्याच वजनाने वाकू लागते. म्हणून तिला कसेही करून हळूहळू फिरती ठेवावी लागते.

तेव्हा नियंत्रण-कक्षात रात्रपाळीला बसलेल्या मनुष्याचे काम कसे असते पाहा. दहा-बारा ठिकाणची उष्णता दर काही क्षणांनी बदलत असते. हवेच्या पंख्यांच्या मोटरी किती वीज ओढतात तेही पाहावयाचे असते. मध्येच एखादा पंखा बंद पडतो. मध्येच खनिजाचा पट्टा थांबतो. त्याच वेळी त्याला स्वतःलाही कळफलकावर काही दाबावयाचे असते, एखादी मर्यादा बदलावयाची असते. घटना अनेक, त्या परस्परांस विचारून येत नाहीत, आणि त्या साऱ्या उमटावयाच्या त्या मात्र एकाच पडद्यावर. अशा पडद्यामागचा प्रोग्राम कोणी लिहावयास बसला तर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो या भाषणाचा विषय आहे. तो प्रश्न सिलतऱ्याचाच आहे असे मुळीच नाही. पण तेथे तो समजावयास सोपा जातो.

हा पडदा चित्रांचा नसून अक्षरांचा आहे असे समजू या. चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे; रंग फार तर चारसहा. आजच्या दिवसांत असला पडदा कोण वापरतो, अशी शंका सहजच येईल. परंतु अक्षरी पडद्याचे गुण अजून सरलेले नाहीत. तो जुन्या यंत्रावर चालतो. बारीकशा तारेवरून दूरच्या यंत्रातील पडदा घरबसल्या उघडता येतो, कारण चित्रे वाहून आणावयाची नसतात, थोडी अक्षरे आली की झाले. मोठमोठ्या संगणकांची देखभाल करणारी मंडळी आजही दिवसाचे बरेच तास अशाच काळ्या पडद्यापुढे घालवितात, आणि त्यांना त्याचे दुःख नसते.

अशा पडद्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावयास हवी. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले. त्याला पडद्यावरील अमुक ओळीत अमुक ठिकाणी जा, असे सांगावयाची एक भाषा होती: प्रथम 'एस्केप' नावाचा अदृश्य संकेत, मग चौकोनी कंस, मग ओळीचा आकडा, अर्धविराम, स्तंभाचा आकडा, आणि शेवटी एच हे रोमन अक्षर. इतके पाठविले की कर्सर त्या जागी जाऊन बसे, आणि पुढे येणारे अक्षर तेथे उमटे. हीच भाषा, पुष्कळ भर पडून, आजही चालू आहे. प्रत्येक प्रोग्रामकाराने ही संकेतांची जुळवाजुळव स्वतः करीत बसू नये म्हणून १९८० च्या सुमारास बर्कलेच्या विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' नावाची लायब्ररी, म्हणजे तयार हत्यारांची एक पेटीच, सिद्ध केली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शिव्याशाप असा होतो. नाव कर्सरवरून पडले खरे, पण ती वापरणाऱ्यांना दुसरा अर्थही पटल्यावाचून राहिला नसेल. तिचीच पुढली पिढी 'एनकर्सेस' ही आज जगभर वापरात आहे.

या पेटीतील युक्ती मोठी सुरेख आहे. ती पडद्याची दोन चित्रे स्मरणात ठेवते: एक, सध्या पडद्यावर काय आहे त्याचे, दुसरे, काय असावयास हवे त्याचे. 'ताजे कर' असा हुकूम झाला की दोहोंची तुलना करून जेवढा फरक तेवढाच ती पाठविते. तारेवरून थोडकी अक्षरे जातात आणि पडदा लुकलुकत नाही. मात्र या युक्तीला एक अट आहे. पडद्याशी बोलणारे तोंड एकच असले पाहिजे. दुसऱ्या कोणी मधल्या मध्ये पडद्यावर काही लिहिले, तर लायब्ररीच्या स्मरणातले चित्र आणि खरे चित्र यांत अंतर पडते, आणि ते अंतर पडले आहे याचा तिला पत्ताही नसतो.

आता आपल्या रात्रपाळीच्या प्रोग्रामकडे वळू. त्याची साधी रचना अशी: एक फेरा अखंड चालू असतो. घटना आली का पाहावे, आली असेल तर तिचा निकाल लावावा, पडदा ताजा करावा, पुन्हा पहिल्यापासून. कळ दाबली ही एक घटना, ठराविक वेळ उलटली ही दुसरी, खिडकीचा आकार बदलला ही तिसरी. घटनांचा निकाल लावणे जोवर चुटकीसरशी होते तोवर या रचनेत काही उणे नाही. परंतु दूरच्या यंत्राला आकडा विचारला आणि उत्तर यावयास पाच सेकंद लागले, तर ती पाच सेकंदे सारा फेरा ठप्प. ऑपरेटर कळ दाबतो, काही होत नाही. म्हणून तो पुन्हा दाबतो, चिडून तिसऱ्यांदा दाबतो. आणि पाच सेकंदांनी तिन्ही दाब एकदम लागू होतात. एक पायरी खाली जावयाचे होते, तो तीन पायऱ्या खाली जातो.

यावर तोड म्हणून कामाचे धागे वेगळे करतात. संगणकाच्या परिभाषेत एकाच प्रोग्रामात स्वतंत्रपणे वाहणाऱ्या कामाच्या ओघाला 'थ्रेड', म्हणजे धागा, असेच नाव आहे. एक धागा थर्मोकपलांचे आकडे आणील, दुसरा पंख्यांकडे पाहील, तिसरा ऑपरेटरच्या कळा ऐकेल. कोणी कोणासाठी खोळंबणार नाही. येथपर्यंत सारे ठीक. खरी मेख पुढे आहे, ती अशी की प्रत्येक धाग्याला आपली बातमी पडद्यावर दाखवावीशी वाटते, आणि कर्सर तर एकच.

समजा, उष्णतेच्या धाग्याने कर्सर पाचव्या ओळीत नेला. तेथे तो ९८५ हा आकडा लिहिणार, एवढ्यात यंत्राने त्याला क्षणभर थांबवून पंख्याच्या धाग्यास वेळ दिला. धाग्यांची अशी उलटापालट सेकंदात कितीदा तरी होत असते आणि ती केव्हा होईल ते कोणाच्या हाती नसते. पंख्याच्या धाग्याने कर्सर बाराव्या ओळीत नेला. लिहिणार तो पुन्हा पाळी बदलली. पहिल्या धाग्याने, आपण पाचव्या ओळीतच आहोत अशा समजुतीने, ९८५ लिहिले. मग दुसऱ्याने त्याच्या पाठोपाठ ४१ लिहिले. झाले! बाराव्या ओळीत पंखा ९८५४१ अँपियर वीज ओढतो आहे. हे दिसताच कोणालाही कळेल की काही चुकले. घातक गोष्ट ती नव्हे. पाचव्या ओळीत मघाचाच आकडा, समजा ९६०, तसाच राहिला आहे, आणि तो अगदी खरा दिसतो आहे. हास्यास्पद चूक माणसाला सावध करते. सभ्य चूक त्याला झोपवते.

असली चूक शोधून काढणेही कठीण. ती हजारांतून एकदा होते, आणि पाहणारा जवळ उभा राहिला की होत नाही. शिवाय ती नुसत्या आकड्यांच्या गोंधळावर थांबेलच असे नाही. अशाच जातीच्या चुकीने, अशाच चोवीस ओळींच्या पडद्यासमोर, माणसे मेलेली आहेत. त्याची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनेडियन यंत्र. त्याचा कारभार पीडीपी-११ या छोट्या संगणकावर चाले आणि ऑपरेटरपुढे असे ते वर सांगितलेले व्हीटी-१०० टर्मिनल. यंत्र दोन प्रकारचे उपचार देई: इलेक्ट्रॉनांचे आणि क्ष-किरणांचे. क्ष-किरणांसाठी झोत फारच प्रखर लागतो, पण त्याच्या वाटेत धातूचा एक अडसर आणून तो सौम्य व सारखा केला जातो. प्रखर झोत आणि अडसर नाही, अशी स्थिती कधीही येता कामा नये. आधीच्या थेराक-२० या यंत्रात ती येऊ नये म्हणून लोखंडातांब्याची स्वतंत्र यंत्रणा होती. थेराक-२५ मध्ये तो भरवसा बराचसा प्रोग्रामवर टाकण्यात आला.

टेक्सस राज्यातील टायलर गावी २१ मार्च १९८६ रोजी एका रुग्णाला इलेक्ट्रॉनांचा उपचार द्यावयाचा होता. ऑपरेटर बाई कामात वाकबगार होत्या. सवयीने त्यांच्या हातून क्ष-किरणांचे अक्षर टाइप झाले. चूक ध्यानात येताच त्यांनी कर्सर वर नेला, अक्षर दुरुस्त केले, आणि झपाझप कळा दाबून कर्सर तळाच्या आज्ञेच्या ओळीवर परत आणला. पडद्यावर सारे बरोबर दिसत होते. त्यांनी झोत सुरू करण्याची कळ दाबली. यंत्र थांबले आणि पडद्यावर 'बिघाड ५४' एवढेच शब्द आले. त्यांचा उलगडा करणारे काही ऑपरेटरच्या हाती दिलेले नव्हते. मात्रा अगदी थोडी गेली असे पडदा सांगत होता. असले लहानसहान खोळंबे नित्याचेच, म्हणून त्यांनी 'पुढे चालू' ही कळ दाबली. त्या दिवशी आतल्या खोलीचे दूरचित्र जोडलेले नव्हते आणि ध्वनियंत्रणाही बिघडलेली होती. आतल्या माणसाची अवस्था सांगणारा पडद्यावाचून दुसरा साक्षीदार नव्हता. रुग्णाला मात्र पाठीत विजेचा झटका बसावा तसे झाले होते. तो उठू लागला तोच दुसरा तडाखा बसला. पाच महिन्यांनी तो वारला. तीनच आठवड्यांनी, ११ एप्रिलला, त्याच रुग्णालयात त्याच क्रमाने दुसऱ्या रुग्णाचा बळी गेला.

पुढे रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्या ऑपरेटर बाई यांनी मिळून तो बिघाड हवा तेव्हा घडवून दाखविला. किल्ली होती टाइप करण्याच्या वेगात. यंत्रात एक कार्य पडद्यावरील माहिती घेई. दुसरे कार्य त्या माहितीवरून चुंबके बसवी, आणि त्याला सुमारे आठ सेकंद लागत. कर्सर एकदा तळाच्या ओळीवर आला की माहिती भरून झाली, असे दोहोंमधील सामायिक खुणेत नोंदले जाई. त्या आठ सेकंदांच्या आत जो वर जाऊन दुरुस्ती करून परत येई, त्याची दुरुस्ती पडद्यावर दिसे. चुंबके बसविणाऱ्या कार्याच्या ती लक्षातच येत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून हा अपघात झाला नसता. निर्मात्यांच्या चाचणीत तो सापडला नाही याचे एक कारण हेच असावे की चाचणी करणारे रोज शेकडो वेळा तेच रकाने भरून हात बसलेले नव्हते. १९८५ ते १९८७ या काळात थेराक-२५ चे एकूण सहा अपघात नोंदले गेले. नॅन्सी लेव्हेसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्यांचा जो सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, तो यंत्रांशी माणसाचे बोलणे घडवून आणणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यात एक बोचरी गोष्ट आढळते. तोच दोष जुन्या थेराक-२० च्या प्रोग्रामातही होता. पण तेथे लोखंडी अडसर आडवा येई, म्हणून तो कोणाला बाधला नाही.

तेव्हा धागे वेगळे केले तर त्यांनी एकमेकांशी बोलावयाचे कसे, हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. त्यावर पहिला सुचणारा उपाय कुलपाचा. ज्याच्या हाती किल्ली तोच पडद्याला हात लावील. बाकीच्यांनी दाराशी थांबावे. एनकर्सेसमध्ये २००८ च्या सुमारास अशी थोडीफार सोय करण्यात आली. परंतु कुलपांनी सारा पडदा सांभाळू म्हणणाऱ्यांचा अनुभव फारसा गोड नाही. जावा या भाषेचे काम करणाऱ्या सन कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये याचे मर्म नेमके दाखविले. कळ दाबल्याची घटना खालून वर जाते: यंत्र, मग लायब्ररी, मग प्रोग्राम. प्रोग्रामचा हुकूम वरून खाली येतो: प्रोग्राम, मग लायब्ररी, मग यंत्र. जाणारा आणि येणारा दोघेही वाटेतली कुलपे लावीत चालले की केव्हातरी मधल्या जिन्यावर त्यांची गाठ पडते. याच्या हाती वरच्या दाराची किल्ली, त्याच्या हाती खालच्या दाराची. दोघेही दुसऱ्याने वाट द्यावी म्हणून अदबीने उभे. ते तसेच उभे राहतात, कायमचे.

दुसरा उपाय जुना आणि साधा आहे, आणि तो नियंत्रण-कक्षातील माणसांनी संगणकाच्या फार पूर्वीपासून पाळलेला आहे. पाळीची नोंदवही एक असते आणि तीत लिहिणारा हात एकच असतो. भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला मनुष्य वही लिहावयास धावत येत नाही. तो फोन करतो. पट्ट्यावरला मनुष्य निरोप पाठवितो. निरोप ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने वहीवाला ते टिपतो. धाग्यांचीही व्यवस्था अशीच लावावी. पडद्याचा स्वामी एकच धागा. इतर सर्वांनी आपापली कामे करावी, आणि सांगण्याजोगे काही घडले की एका रांगेत चिठ्ठी टाकून पुन्हा कामाला लागावे. स्वामी रांगेतून एकेक चिठ्ठी उचलतो, तिचा निकाल लावतो, आणि पडदा ताजा करतो. कळ दाबली ही घटनाही त्याच रांगेतून येते. मग दुरुस्ती आधी झाली की झोत आधी सुटला, याविषयी वाद राहात नाही. रांगेत जो क्रम, तोच खरा. गो भाषेतील टीसेल असो किंवा पायथॉनमधील टेक्स्च्युअल असो, आजच्या बहुतेक अक्षरी लायब्रऱ्यांनी शेवटी हाच रस्ता धरला आहे; बाहेरच्या धाग्याने पडद्याला हात न लावता निरोप कसा द्यावा, याचे एक दार त्यांनी ठेवलेले असते.

येथे एक बारीक अडचण उभी राहते. स्वामी धागा कळांची वाट पाहात झोपलेला असतो. त्याला रांगेत चिठ्ठी पडली हे कळावे कसे? यासाठी युनिक्सच्या जाणकारांनी एक गंमतीदार तोड काढली. प्रोग्राम स्वतःशीच जोडलेली एक नळी ठेवतो. चिठ्ठी टाकणारा त्या नळीत एक अक्षर सोडतो. आणि स्वामी कळफलक व नळी या दोहोंवर एकदमच कान ठेवून झोपतो. खिडकीचा आकार बदलल्याची वर्दी भलत्याच क्षणी येते, तिलाही याच नळीतून यावयास लावतात. घरचा दरवाजा एक असला की पाहुणा कोठून आला हे विचारावे लागत नाही.

रांग ठेवली म्हणजे सारे झाले, असे मात्र समजू नये. रांगेचे स्वतःचे रोग आहेत. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर इशारे वाजले. ते क्रमाने छापणारे यंत्र होते. पण इशारे इतके आले की छपाई घटनांच्या मागे पडत पडत दोन तासांहून अधिक मागे पडली. कागदावर जे उमटत होते ते सारे खरे होते. फक्त ते दोन तासांपूर्वीचे होते.

म्हणून चिठ्ठ्यांमध्येही भेद केला पाहिजे. भट्टीच्या चौथ्या थर्मोकपलाचा आकडा रांगेत पडून आहे आणि त्याच थर्मोकपलाचा नवा आकडा आला, तर जुना खुशाल फाडून टाकावा. तो आता कोणाच्या कामाचा नाही. पंखा बंद पडल्याची चिठ्ठी मात्र कधीही फाडू नये, तिच्यावर दुसरी ठेवू नये, तिचा क्रम बदलू नये. कारण पंखा आधी बंद पडला आणि उष्णता मग घसरली, की उलट घडले, यावरच दुरुस्तीस कोठे धावावयाचे ते ठरते. कोणती बातमी शिळी होते आणि कोणती होत नाही हे लायब्ररीला ठाऊक असणे शक्य नाही. ते भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला विचारावे लागते. प्रोग्रामकार ते विचारावयास क्वचितच जातो, ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे.

रांगेचा दुसरा रोग याहून भयंकर. ती थांबते आणि कोणाला कळत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतील फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण-कक्षातील इशारे देणारा प्रोग्राम त्या दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी मुका झाला. पुढील तपासात दिसून आले की दोन कार्ये एकाच वेळी एकाच सामायिक नोंदीत लिहू लागली, नोंद बिघडली, आणि इशाऱ्यांचा निकाल लावणारे कार्य स्वतःभोवतीच गरगर फिरत राहिले. न सुटलेल्या इशाऱ्यांची रांग तुंबली. त्या भाराने २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य संगणक कोसळला. कारभार राखीव संगणकाकडे गेला, सोबत ती तुंबलेली रांगही गेली, आणि १३ मिनिटांत तोही कोसळला. पडदे ताजे व्हावयास एरव्ही एक ते तीन सेकंद लागत; ते आता मिनिटाच्या घरात जाऊ लागले. पण ऑपरेटरांपुढे इशारा एकही नव्हता. तारा एकामागून एक बंद पडत होत्या, बाहेरून फोन येत होते, आणि आपल्या पडद्यावर काही नाही म्हणून ते फोनवर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवीनात. चार वाजून गेल्यावर सारे एकदम कोसळले.

यास्तव शहाणा प्रोग्रामकार पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ ठेवतो, आणि त्याचे सेकंद इतर चिठ्ठ्यांच्याच रांगेतून येऊ देतो. रांग अडली की घड्याळ अडते. वेगळ्या वाटेने चालविलेले घड्याळ, भट्टी जळून गेली तरी, टिकटिकत राहील. त्याचा उपयोग शून्य. तसेच प्रत्येक आकड्याजवळ तो केव्हाचा हे दिसावे, आणि काही सेकंदे नवा आला नाही तर त्याचा रंग उतरावा. जुन्या आकड्याने ताज्याचा वेष घेऊन बसू नये, एवढ्यासाठीच ही खटपट.

एस्केप कळीची गंमत जाता जाता सांगण्यासारखी आहे. ही कळ स्वतः एक संकेत पाठविते. आणि बाणांच्या कळा पाठवितात त्या संकेतमालिकेची सुरुवातही त्याच संकेताने होते. तेव्हा एस्केप आला की तो एकटा आहे की त्याच्यामागून वरात येते आहे, हे कळावयास थोडे थांबणेच भाग. एनकर्सेस पूर्वापार एक सेकंदभर थांबते. १९८० च्या सुमारास संथ टेलिफोनच्या तारेवरून अक्षरे येत तेव्हा हा सेकंद समंजसपणाचा होता. आज रात्रपाळीचा मनुष्य 'रद्द' म्हणून कळ दाबतो आणि पडदा सेकंदभर विचारात पडतो. हा अवधी कमी करता येतो. बहुतेकांना ते ठाऊक नसते.

राहता राहिला प्रोग्राम बंद करण्याचा प्रसंग. सुरू करताना जितकी काळजी घेतात तितकी हा शेवट करताना कोणी घेत नाही. पाळी बदलताना जुना मनुष्य वही तशीच टाकून निघून जात नाही. आलेले निरोप टिपतो, कोणाचे काय अर्धे राहिले ते नव्यास सांगतो, मग सही करून उठतो. प्रोग्रामनेही प्रथम साऱ्या धाग्यांना 'आता आवरा' असे सांगावे, ते आवरेपर्यंत थांबावे, रांगेतील उरलेल्या चिठ्ठ्या वाचाव्या, आणि सर्वांत शेवटी टर्मिनल पूर्वस्थितीत आणून ठेवावे. कारण अक्षरी प्रोग्राम सुरू होताना टर्मिनलच्या काही स्वाभाविक सवयी काढून घेतो. टाइप केलेले अक्षर आपोआप पडद्यावर उमटणे ही त्यांतलीच एक. एखादा धागा वाटेतच मेला आणि त्याच्याबरोबर प्रोग्रामही गेला, तर त्या सवयी परत देणारा कोणी उरत नाही. अर्ध्या पडद्यावर आकड्यांची चौकट, तिच्यावरून तिरपा धावलेला त्रुटीचा मजकूर, आणि कर्सर गायब. पहाटे सहाला आलेला नवा मनुष्य कळा दाबतो तर काहीच उमटत नाही. यंत्र मेले, असे त्याला वाटते. ते मेलेले नसते. त्याचे म्हणणे ऐकू येत असते, फक्त दिसत नसते. जुना जाणता सहकारी अशा वेळी मागून येतो, पडद्याकडे न पाहता 'रीसेट' हा शब्द आंधळेपणाने टाइप करतो, एंटर दाबतो, आणि चहा घ्यावयास निघून जातो.